ठेवणीतली गाडी, रोजचा रस्ता

आपल्या घरात वस्तूंच्या दोन जाती असतात. एक वापरातल्या आणि दुसऱ्या ठेवणीतल्या. पैठणी ठेवणीतली, चांदीचं ताट ठेवणीतलं, लग्नात आलेला चिनी मातीचा कपबश्यांचा सेट तर इतका ठेवणीतला की पाहुणे म्हातारे होऊन गेले तरी त्यातून चहा प्यायला मिळाला नाही. ‘रोज काय नेसायची आहे ती?’ हे वाक्य ऐकतच आपण मोठ्या झालो. त्यामुळे एखादी भारी वस्तू कुणी रोज वापरायला काढली की आपल्या पोटात गोळा येतो. चटकन मनात येतं, अगं बाई, खराब होईल ना!

माझ्या मामेभावाने असाच गोळा आणलाय. दादाची भोसरीला प्रेस पार्ट्सची फॅक्टरी आहे. एका शेडपासून सुरुवात केली, आता बरं चाललंय. पाच वर्षांपूर्वी त्याने जुनी, म्हणजे सेकंडहँड, लॅम्बोर्गिनी गॅलार्डो घेतली. जमिनीलगतची, दोनच सीटची, पिवळीजर्द. नवी असती तर नातेवाईकांनी आणखी बोटं मोडली असती. पण खरी चर्चा किमतीची झालीच नाही. चर्चा झाली ती तो ती गाडी रोज चालवतो याची. बाणेरहून भोसरीला, सकाळी जाताना आणि संध्याकाळी येताना. या गाड्या बहुतेक जण रविवारी पहाटे काढतात, एक्सप्रेस वेवर फिरवून आणतात आणि पुन्हा कव्हर घालून ठेवतात. दादाचं म्हणणं, ‘कव्हर बघायला पैसे नाही दिले मी.’

आता तुम्ही म्हणाल, तालुक्याच्या गावात राहणाऱ्या, बचत गटाच्या मीटिंगा घेणाऱ्या बाईला या असल्या गाडीचं काय करायचंय? थोडा धीर धरा. मला या गाडीने फार विचार करायला लावलंय आणि तो विचार गाडीपाशी थांबलेला नाही.

आधी ती गाडी केवढीशी असते ते सांगते. गॅलार्डोची उंची आहे ११६ सेंटीमीटर. तुमच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी उभ्या राहा. ओटा असतो साधारण ८५ सेंटीमीटरचा. त्याच्यावर एक वीतभर आणि चार बोटं वर धरा, झालं गाडीचं छप्पर! त्याच कंपनीची काउंटाच नावाची जुनी गाडी तर १०७ सेंटीमीटरच होती. फोर्ड कंपनीने १९६० च्या दशकात शर्यतीसाठी एक गाडी केली, तिच्या नावातच उंची आहे, जीटी-४०. म्हणजे चाळीस इंच. १९६६ मध्ये फ्रान्समधली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत तिने जिंकली.

इतकं खाली का ठेवायचं? कारण वेगात गाडीचा भार जितका जमिनीजवळ, तितकी ती वळणावर कलत नाही. वाराही कमी अडतो, आणि गाडीच्या पोटाखाली शिरून तिला उचलू पाहणारी हवा कमी राहते. तासाला दोनशे-तीनशे किलोमीटरच्या वेगात हे सगळं जिवावर बेतणारं असतं. पण औंधच्या सिग्नलला पंधराच्या वेगात सरकताना यातल्या एकाचाही काडीइतका उपयोग नाही. हा एवढा खटाटोप करून दादा रोज रिक्षाच्या मागेच उभा असतो. आणि गंमत बघा, एवढे पैसे खर्च करून माणूस रस्त्यावर सगळ्यात खाली बसतो! रिक्षावाला वरून बघतो, बसमधली शाळेची पोरं वरून बघतात, ट्रकच्या ड्रायव्हरला तर तो दिसतच नाही.

मी त्या गाडीत बसले आहे, नेसत्या साडीनिशी. वहिनीने आधीच शिकवलं होतं. पाय आत टाकून बसायला जायचं नाही. आधी पाठ करून सीटच्या कडेला टेकायचं, मग दोन्ही पाय जुळवून एकदम आत फिरवायचे. पाटावर बसायची सवय असलेल्या आपल्यासारख्या बायकांना बसणं अवघड नाही हो, उठणं अवघड. उतरताना वहिनीने हात दिला आणि आजूबाजूच्या चार पोरांनी मोबाइलवर फोटो काढले. वहिनी म्हणाली, ‘ताई, याची सवय होत नाही बघा.’ ती स्वतः गाडी उत्तम चालवते. पण एकटी असली तर ही नेत नाही. सिग्नलला शेजारी दुचाकी येऊन थांबते, काचेला नाक लावून आत बघतात, पाठलाग करतात, पुढे जाऊन वळून शूटिंग करतात. पुरुष चालवत असला की गाडीकडे बघतात, बाई चालवत असली की आधी बाईकडे. मग तिने आपली साधी, उंच, पांढरी गाडी बरी म्हणून ठरवून टाकलं. घरात दीडेक कोटीची गाडी आणि तिची किल्ली हातात असूनही बाईच्या वाट्याला रस्त्यावर तेच, जे कॉलेजला लुनावर जाताना आमच्या वाट्याला होतं. हे मला फार लागलं.

रोजच्या वापराच्या अडचणी दादा मोकळेपणाने सांगतो. इंजिन पाठीमागे, सीटच्या लगेच मागे. ट्रॅफिकमध्ये वारा मिळत नाही, पंखे घों घों करत राहतात आणि एप्रिल-मेमध्ये पाठीशी चूल पेटल्यासारखं वाटतं. एसी चालू, तरी पाठ गरम. लिटरला चार-पाच किलोमीटर. त्या पिढीच्या गाडीत क्लच पायाने दाबायचा नसतो, यंत्र आपोआप दाबतं; पण शंभर वेळा थांबत सरकत गेलं की तो झिजतो आणि बदलायला लागणारे पैसे लाखांत. तेव्हा दादा पुढची गाडी बरीच लांब जाऊ देतो, मग एकदाच पुढे जातो. मागचे लोक हॉर्न वाजवून त्याच्या सात पिढ्यांची आठवण काढतात. त्याच्यानंतरच्या नव्या गाड्यांत दोन क्लचची व्यवस्था आली, ती हा त्रास पुष्कळ सोसते. सामान ठेवायची जागा पुढे, बॉनेटखाली, दोन पिशव्यांपुरती. डीमार्टला न्यायची सोय नाही. पावसाळ्यात सखल भागात पाणी साचलं की गाडी सोसायटीतच. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे दोनच सीट. मामी, म्हणजे दादाची आई, पहिल्या दिवशी गाडीभोवती फिरून आल्या, नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं आणि शांतपणे विचारलं, ‘मी कुठं बसायचं?’ याला दादाकडे आजही उत्तर नाही.

ज्या माणसाच्या नावाने ही गाडी आहे, तो मात्र शेतकऱ्याचा मुलगा. फेरुच्चियो लॅम्बोर्गिनी. इटलीतला, जन्म १९१६ चा. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या पडून राहिलेल्या गाड्यांचे सुटे भाग गोळा करून त्याने ट्रॅक्टर बनवले. १९४८ मध्ये ट्रॅक्टरचा कारखाना काढला. तो चालला, पैसा आला, आणि १९६३ मध्ये बोलोन्याजवळच्या सांतआगाता नावाच्या गावी त्याने मोटारींचा कारखाना काढला. फेरारी गाडीच्या क्लचवरून त्याचं आणि फेरारीच्या मालकाचं वाजलं, म्हणून जिद्दीने याने स्वतःची गाडी काढली, अशी कथा सांगतात. खरी-खोटी तो जाणे. गाडीवर बैलाचं चिन्ह आहे, कारण पाश्चात्त्य पद्धतीने त्याची रास वृषभ! हे मी आमच्या गटात सांगितलं तेव्हा ज्यांच्या घरी ट्रॅक्टरचे हप्ते चालू आहेत त्या बायका खूश झाल्या. एकीने तर विचारलं, ‘मग ती नांगरटीला चालंल का?’

तर अशा माणसाने काढलेली काउंटाच १९७४ ते १९९० अशी बाजारात होती. दिसायला अशी की मुलांच्या खोलीत भिंतीवर पोस्टर लागावं. पण मागचं काही दिसत नसे. पार्किंगमधून मागे घ्यायची तर दरवाजा वर उचलायचा, दाराच्या चौकटीच्या कडेवर बसायचं, अर्धं अंग बाहेर काढून मान वळवायची आणि हळूहळू मागे यायचं. बैलगाडीच्या धुरेवर बसून बैल मागे सरकवतात तसं. याला लोक शौक म्हणत, तक्रार करत नसत. उलट, त्रास होतो म्हणजेच गाडी खरी, असा एक समज झाला होता.

तो समज जपान्यांनी मोडला. होंडा कंपनीने १९९० मध्ये एनएसएक्स नावाची गाडी काढली. उंची तेवढीच, ११७ सेंटीमीटर. इंजिनही पाठीमागेच. पण ड्रायव्हरला चारी बाजूंनी नीट दिसावं म्हणून त्यांनी लढाऊ विमानाच्या कॉकपिटचा अभ्यास केला. एसी धड चालेल, सीटवर तासभर बसलं तरी पाठ धरणार नाही, मागे सामानाची पेटी राहील, हे बघितलं. फॉर्म्युला वनचा जगज्जेता आयर्टन सेन्ना याच्याकडून चालवून घेतली आणि त्याने सांगितलं त्याप्रमाणे सांगाडा आणखी मजबूत केला. थोडक्यात, ठेवणीतली वाटणारी गाडी रोजची करता येते, करणाऱ्याच्या मनात असेल तर. स्वयंपाकघराचा ओटा बाईच्या उंचीचा का नाही, बसची पायरी एवढी उंच का, सार्वजनिक संडासाला कडी का नाही, या सगळ्यांना मी हेच उत्तर देते. जमत नाही असं नसतं, वापरणाऱ्याचा विचार केलेला नसतो.

आपल्याकडे ही खालची गाडी घराघरात माहीत झाली ती सचिनमुळे. त्याने डॉन ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली, म्हणून २००२ मध्ये इंग्लंडात मायकेल शूमाकरच्या हस्ते त्याला लाल फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली. मग ती भारतात आणताना आयातशुल्काचा प्रश्न आला. सुमारे १ कोटी १३ लाख रुपयांचं शुल्क सरकारने माफ करायचं की नाही? माझं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. सासरी सासरे आणि दीर यावर ताटावरून भांडत होते. सचिन आमचा देवच, पण सामान्य माणूस टीव्हीवर ड्यूटी भरतो तर यानं का भरू नये, हा सासऱ्यांचा मुद्दा. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि शेवटी शुल्क भेट देणाऱ्या कंपनीने भरलं. सचिन ती गाडी रात्री उशिरा मुंबईच्या रस्त्यांवर चालवतो, असं तेव्हा छापून यायचं. दिवसा कुठे काढणार बिचारा? २०११ मध्ये त्याने ती सुरतच्या एका व्यावसायिकाला विकली. पुढे २०१२ मध्ये ‘फेरारी की सवारी’ हा सिनेमा आला, त्यातही ती लाल गाडी मिरवून गेली. म्हणजे ज्याच्याकडे ती होती त्यालाही दिवसाउजेडी, रोजच्यासारखी चालवायला मिळाली नसणार. याची मला हळहळ वाटते.

म्हणून माझं मत असं आहे, आणि आमच्या मंडळात ते सगळ्यांना पटलेलं नाही. कमावलेल्या पैशातून, कर भरून कुणी अशी गाडी घेतली असेल तर त्याने ती खुशाल रोज वापरावी. ‘एवढ्या पैशात किती मुलींची शिक्षणं झाली असती’ हे वाक्य मी बोलत नाही. ते वाक्य नेहमी दुसऱ्याच्या गाडीवरून बोललं जातं, आपल्या गळ्यातल्या पाच तोळ्यांवरून नाही. दादाच्या फॅक्टरीत साठ माणसं कामाला आहेत, पगार सात तारखेला होतो. ती गाडी कव्हरमध्ये झाकून ठेवली म्हणजे तो साधा झाला आणि रोज बाहेर काढली म्हणजे माजला, हे मला पटत नाही. उलट रोज वापरणारा माणूस रस्त्याशी, खड्ड्याशी, रिक्षावाल्याशी बांधलेला राहतो. रविवारी पहाटे मोकळ्या रस्त्यावर गाडी उधळणाऱ्याची मला जास्त भीती वाटते. लोक पहाटेच फिरायला निघतात, दूधवाले पहाटेच निघतात.

पण वापरणं वेगळं आणि रस्ता आपल्या बापाचा समजणं वेगळं. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला काय झालं ते आपण कुणी विसरलेलो नाही. पोर्शे टायकन ही विजेवरची भारी गाडी, चालवणारा सतरा वर्षांचा मुलगा, आणि मोटारसायकलवरचे दोन तरुण इंजिनिअर, एक मुलगा एक मुलगी, जागच्या जागी गेले. सुरुवातीला जामीन देताना त्या मुलाला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, यावर सगळा देश पेटला. मला मात्र त्या बातम्यांमधली एक छोटी गोष्ट अजून टोचते. त्या गाडीची कायमची नोंदणीच झालेली नव्हती. आणि ती राहिली होती १,७५८ रुपयांची फी भरली नाही म्हणून! कोटीच्या वर किंमत असलेली गाडी, आणि सतराशे अठ्ठावन्न रुपये राहिले. आमच्या भागात स्कूटीचा इन्शुरन्स संपला तर बाई पोलिसांना चुकवत आडवाटेने बाजारात जाते. नंबरप्लेटविना अशी गाडी मार्चपासून मेपर्यंत कुणाच्या डोळ्यांवर आली नाही का? बंदोबस्ताच्या ज्या वयस्कर हवालदाराने ती अडवायची, त्याच्या मनात काय येत असेल तेही मी समजू शकते. हात दाखवण्याआधी तो मागच्या सीटवर कोण आहे याचा विचार करतो. हा विचार त्याला करायला लागू नये एवढंच माझं म्हणणं.

आणखी एक बघा. खालच्या गाडीला गुळगुळीत रस्ता लागतो आणि गेल्या काही वर्षांत आपल्या राज्यात तसे रस्ते झालेही. बांद्रा-वरळी सी लिंक २००९ चा. मुंबईचा कोस्टल रोड आणि अटल सेतू २०२४ मध्ये सुरू झाले. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, त्याचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि शेवटचा जून २०२५ मध्ये खुला झाला. मीही गेले आहे समृद्धीवरून, सुरेख वाटतं. पण या चारही ठिकाणी दुचाकी आणि रिक्षा चालत नाही. सुरक्षेचं कारण आहे, आणि ते मला मान्यही आहे. त्या वेगात स्कूटीवर मुलाला घेऊन बाई जाऊच नये. पण याचा दुसरा अर्थ असा की जो रस्ता सगळ्यात चांगला, त्यावर आपल्यातल्या बहुतेकींचं वाहन चालत नाही. आपल्या वाट्याला येतो तो गावातला रस्ता. शाळेचा, दवाखान्याचा, बाजाराचा. आणि त्या रस्त्यावर असतो स्पीडब्रेकर.

स्पीडब्रेकर हा दादाचा जन्माचा वैरी. त्याच्या गाडीत एक बटण आहे, ते दाबलं की गाडीचं नाक दीड-दोन इंच वर उचललं जातं. मग ती डोंबाऱ्याच्या पोरासारखी जपून पलीकडे उतरते. पोर्शेच्या काही नव्या गाड्यांत तर याच्या पुढची सोय आहे. कुठल्या ठिकाणी नाक उचललं ते गाडी उपग्रहाच्या मदतीने लक्षात ठेवते आणि पुढच्या वेळी तिथे आली की आपणहून उचलते. दादा हे मोठ्या कौतुकाने सांगत होता आणि मला आमच्या ग्रामीण रुग्णालयासमोरचा स्पीडब्रेकर आठवत होता.

त्या स्पीडब्रेकरची गोष्ट अशी. रुग्णालयाच्या फाटकाच्या वीस पावलं अलीकडे डांबराचा एक उभा ढीग घातलेला आहे. आमच्या आशाताई सांगतात, दिवस भरलेली बाई रिक्षातून आली की तिथे तिला खाली उतरवतात, धरून चालवत पलीकडे नेतात आणि मग पुन्हा बसवतात, नाहीतर तशीच चालवत आत नेतात. कळा सुरू झालेल्या बाईला! रात्री तर रिक्षावाल्याला तो ढीग दिसतही नाही, वर पांढरे पट्टे नाहीत, अलीकडे पाटी नाही. सिझेरियन होऊन घरी जाणारी बाई त्या एका दणक्याने कळवळते. तिच्या रिक्षाला नाक उचलायचं बटण नाही. दीड कोटीच्या गाडीचं पोट घासू नये म्हणून इटलीतल्या माणसांनी डोकं लढवलं. बाईचं पोट हलू नये म्हणून डोकं लढवायची तर गरजच नाही, कारण ते आधीच लढवून ठेवलेलं आहे.

हो, स्पीडब्रेकरचं माप ठरलेलं आहे. इंडियन रोड्स काँग्रेस ही १९३४ पासूनची संस्था रस्त्यांचे निकष ठरवते. त्यांच्या निकषाप्रमाणे सर्वसाधारण रस्त्यावरचा गोलाकार स्पीडब्रेकर मध्यभागी दहा सेंटीमीटर उंच, म्हणजे चार इंच. आणि रस्त्याच्या लांबीच्या दिशेने पसरलेला किती? तीन मीटर सत्तर सेंटीमीटर! म्हणजे बारा फूट. आपल्या घरातली एखादी खोली असते तेवढा. हळूहळू चढायचा, हळूहळू उतरायचा. ताशी पंचवीसच्या वेगाने वाहन त्यावरून दणका न बसता जावं, हा हेतू. वर पट्टे रंगवायचे आणि चाळीस मीटर आधी पाटी लावायची.

आमचे चिरंजीव इंजिनिअरिंगला आहेत, त्यांना मी गणित घातलं. मी बी.ए.ला मराठी घेतलेली बाई, मला त्या कंसाची त्रिज्या काय कळणार? त्याने कागदावर काढून दाखवलं. दादाच्या गाडीची पुढची-मागची चाकं अडीच मीटर अंतरावर आहेत. नियमाप्रमाणे बांधलेल्या स्पीडब्रेकरच्या बरोबर मधोमध गाडीचं पोट आलं, तेव्हा चारही चाकंसुद्धा त्याच्या उतारावरच असतात. त्यामुळे पोटाखालचं अंतर फक्त पाच सेंटीमीटरने कमी होतं. गाडी जमिनीपासून चार इंच वर असली तरी दोन इंच शिल्लक राहतात. म्हणजे, बायांनो, रस्त्यावरची सगळ्यात बुटकी गाडीसुद्धा नियमातल्या स्पीडब्रेकरवरून पोट न घासता जाते. घासतं ते आपल्याकडच्या ढिगांवर. जिथे दादाची गाडी घासते, तिथेच आपल्या बाळंतिणीला दणका बसतो. दोघांची तक्रार एकच आहे, फक्त दादाच्या तक्रारीला बटण मिळालं आणि तिच्या तक्रारीला कुणी विचारत नाही.

गेल्या वर्षी दिवाळीआधी आम्ही मंडळाच्या सात जणी टेप घेऊन निघालो. शिवणकामाचा नाही, गवंड्याकडचा लोखंडी. रुग्णालयासमोरचा ढीग भरला नऊ इंच उंच आणि दीड फूट रुंद. बारा फुटांच्या जागी दीड फूट! शाळेजवळचा आठ इंच. मंगल कार्यालयासमोरचा तर कुणी घातला हेच कुणाला माहीत नाही, मुरूम टाकून त्यावर डांबर ओतलेलं. लोक बघायला जमले. एका काकांनी विचारलं, ‘काय, ठेका घेतला काय?’ आम्ही मोजलेलं वहीत लिहिलं, फोटो काढले आणि संबंधित कार्यालयात अर्ज दिला. पोच घेतली. साहेब म्हणाले, स्पीडब्रेकर काढला तर अपघात होतील. आम्ही म्हटलं, काढा म्हणत नाही, मापाने घाला म्हणतो. त्यावर त्यांनी निधीचं सांगितलं. चार महिन्यांनी स्मरणपत्र दिलं. आता तिसरा अर्ज जाणार आहे, त्याला चिरंजीवांचा तो गणिताचा कागद जोडणार आहोत.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांमुळे मृत्यू झाला तर सहा लाख रुपयांची भरपाई द्यायला सांगितली, जखमींनाही रक्कम ठरवून दिली. खड्ड्याचं झालं, आता उंचवट्याचंही होईल. दादाला मी सांगितलं आहे, अर्जावर तुझीही सही पाहिजे, आणि सहीखाली गाडीचं नाव लिही. तो हसला. म्हणाला, ‘ताई, माझं नाव वाचून ते आणखी उंच करतील.’ पण सही केली त्याने. मामींनीही केली.

तुमच्या गावातही मोजायचं असेल तर सोपं आहे. एक सरळ काठी किंवा दोरी ढिगाच्या माथ्यावरून दोन्ही बाजूंना जमिनीला समांतर ताणायची आणि कडेपासून दोरीपर्यंत टेप धरायचा. ती उंची. मग चढ सुरू होतो तिथपासून उतार संपतो तिथपर्यंत टेप टाकायचा. ती रुंदी. दोघी जणी मोजायला, एक लिहायला आणि दोघी वाहनं थांबवायला लागतात. सकाळी शाळा सुटण्याआधी जावं, तेव्हा रहदारी कमी असते. वहीत जागा, तारीख आणि जवळची खूण लिहावी, आणि अर्ज देताना पोचपावतीवर शिक्का घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नये.